मोसारे घराण्यात कोणी काही विसरत नाही

झेली मोसारेला राग आला की व्हेर्मों गावातली कुत्री आपणहून घरात जाऊन बसतात, असं लोक सांगतात. साफ खोटं आहे. फक्त वरच्या आळीतली जातात. खालच्या आळीतल्या कुत्र्यांना आता सवय झालेली आहे.

त्या बुधवारी सकाळी मात्र दोन्ही आळ्यांत एकही कुत्रं दिसेना. झेलीसमोर कॉफीचा वाडगा होता, कोंते चीजचा तुकडा होता, आणि त्याच्या शेजारी एक गुळगुळीत कागदाची पुस्तिका. वर सोनेरी अक्षरांत लिहिलेलं: ‘मोसारे घराणं, सव्वादोनशे वर्षांचा सुगंधी प्रवास’. भावाच्या मुलाने, तिबोने, अशा तीन हजार प्रती छापून आणल्या होत्या. रविवारी गावच्या चौकात पिवळ्या वाइनचं पिंप फोडायचा मान यंदा मोसारेंना मिळाला होता, आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात ही पुस्तिका पडणार होती.

झेलीने चौथं पान वाचलं. चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. तिथे असं होतं: ‘आमचे मूळपुरुष तेओद्यूल मोसारे देशासाठी लढाईवर गेले आणि जाण्याच्या घाईत माळ्यावरचं एक पिंप विसरले. सहा वर्षांनी परतले, तो काय! पिंपात सोनं!’

“विसरले?” झेली म्हणाली. हळूच म्हणाली, पण वाडग्यातल्या कॉफीवर तरंग उठले. “वि-स-र-ले?”

आता हे तेओद्यूलमहाशय लढाईवर कसे गेले ते सांगायला हवं. पलटणीच्या ढोलामागून गेले हे खरं, पण ढोलाच्या पुढे घंटा ओतणाऱ्या कारागिराची बायको चालली होती, आणि तेओद्यूलची नजर तिच्यावर होती. बेझाँसों शहराला पोचल्यावर ढोल एका दिशेला गेला, तेओद्यूल दुसऱ्या. निघताना बायकोला, क्लोदीनला, बजावून गेला, “दर शनिवारी माळ्यावरचं माझं पिंप भरत जा. लाकूड वाइन पितं. वरून भर घातली नाही तर खराब होईल.”

क्लोदीन म्हणाली, “बरं.”

आणि सहा वर्षं तीन महिने दर शनिवारी ती माळ्यावर चढली. पिंपासमोर उभी राहिली, कमरेवर हात ठेवले, पिंपाला म्हणाली, “ज्याचं त्याने भरावं,” आणि खाली उतरली. एक थेंब घातला नाही. वाऱ्याने पिंपाचा तिसरा हिस्सा पिऊन टाकला, उरलेल्या वाइनवर करड्या रंगाची साय धरली, आणि त्या सायीखाली क्लोदीनचा राग मुरत राहिला. घंटावालीने हाकलून दिल्यावर तेओद्यूल घरी आला, पिंप उघडलं, बायकोचा गुन्हा सिद्ध करायला एक पेला भरून तोंडाला लावला आणि जिन्यावरच बसला. अक्रोड, सफरचंद, समुद्र आणि चार थपडा, असं सगळं एकदम जिभेवर आलं म्हणे. दोन दिवस त्याच्या तोंडून शब्द फुटला नाही. क्लोदीन पुढे चाळीस वर्षं त्याच्याशी बोलली नाही, त्यामुळे त्यालाही फारसं बोलावं लागलं नाही.

हा मोसारेंचा इतिहास. माळ्यावर आईने लेकीला, आत्याने भाचीला सांगितलेला. आणि तो तिथेच संपत नाही. या घरातलं प्रत्येक नामी पिंप कुणाच्या ना कुणाच्या अबोल्यात मुरलेलं. दोघा भावांनी अकरा वर्षं एकमेकांचं तोंड पाहिलं नाही, निरोप गाढवाच्या पाठीवर खडूने लिहून पाठवायचे. त्या अकरा वर्षांची वाइन प्यायला लोक पॅरिसहून यायचे आणि गाढवाला सलाम करून जायचे. उलट झेलीचे आजी-आजोबा! त्या दोघांचं एकमेकांवर फार प्रेम. हातात हात घालून माळ्यावर जायचे, पिंपांना गाणी म्हणून दाखवायचे. नऊच्या नऊ पिंपांचं व्हिनेगर झालं. सबंध खोऱ्याने दहा वर्षं त्यात काकड्या मुरवल्या.

झेली स्वतः बावन्न वर्षं माळा सांभाळत होती. लग्न केलं नाही. भांडायला भाऊ होता, पुरे होता. न विचारता त्याने कुंपणाजवळची अक्रोडाची झाडं विकली, त्या एका रागावर तिने तीन सालांची उत्तम वाइन काढली.

आणि छापलंय काय, तर विसरले!

“तिबो!”

तिबो आला. पंचेचाळिशीचा, गोल चेहऱ्याचा, नेहमी हसणारा. तिबोला राग येत नसे. त्याच्यात दुर्गुण एवढा एकच, पण घराण्याच्या मानाने फार मोठा.

“हे कुणी लिहिलं?”

“लियोंच्या एका बाईंनी, आत्या. फार नावाजलेल्या आहेत. साबणाच्या कारखान्याचा इतिहासही त्यांनीच लिहिला.”

“दिसतंयच. इथेही साबणच चोळलाय.”

“आत्या, लोकांना गोड गोष्ट हवी असते गं.”

“आपली वाइन गोड आहे?”

“नाही, पण...”

“मग गोष्ट कशाला गोड? आणि मी कुठेय यात?”

तिबोने घाईने पान उलटलं. “आहेस ना! हे बघ. ‘प्रेमळ झेली आत्या आजही पाहुण्यांना अक्रोडाचा केक खिलवतात.’”

झेलीने आयुष्यात केक केलेला नव्हता. तिने पुस्तिका मिटली, चीजखाली ठेवली आणि उठली. नाताळापासून छातीत कफ होता. डॉक्टरने जिना चढू नको म्हणून सांगितलं होतं, आणि पाच आठवडे तिने माळ्याचं तोंड पाहिलं नव्हतं. पण रविवारी चौकात जाणारं पिंप आता बघायलाच हवं होतं. एकच होतं ते. ते भरलं त्या साली गारांनी सगळा मळा झोडपून काढला होता. उरल्यासुरल्या साव्हान्यें द्राक्षांतून जेमतेम एक पिंप भरलं होतं. सहा वर्षं तीन महिने तिने त्याला कुणाला हात लावू दिला नव्हता.

ती जिना चढली, पिंपापाशी गेली आणि बोटाच्या पेराने वरच्या बाजूला ठोकलं.

पोकळ आवाज यायला हवा होता. आला तो गच्च. जेवून सुस्तावलेल्या माणसाच्या पोटावर थाप मारल्यासारखा.

झेलीने पुन्हा ठोकलं, आणखी वर. गच्च. मग बूच काढलं आणि नाक खाली नेलं. वाइन थेट तोंडापर्यंत आली होती. साय मोडून तिच्या चिंध्या झाल्या होत्या, आणि त्या चिंध्या बाळाच्या आंघोळीच्या पाण्यावर फेस तरंगावा तशा तरंगत होत्या. अक्रोडाचा वास नाही, काही नाही. वास होता तो ओल्या पुठ्ठ्याचा.

कुणीतरी भर घातली होती.

झेली जिना कशी उतरली ते तिलाही कळलं नाही. लोक म्हणतात, उतरलीच नाही, राग तिला खाली घेऊन आला. स्वयंपाकघरात तिबोची बायको, आपोलीन, मोर्तोचं सॉसेज उकळत होती, आणि तिबो शेजारी उभा राहून बटाटे सोलत होता.

“माझ्या पिंपात कुणी हात घातला?”

आपोलीनने हात पुसले. तिचा चेहरा खुलला. “मीच भरलं, आत्याबाई! तुम्ही आजारी होता ना. गेल्या महिन्यात वर गेले, तर बिचारं एवढं रिकामं! आमच्याकडे बोर्गोन्यमध्ये दर शुक्रवारी पिंपं भरतात. माझे बाबा म्हणायचे, पिंप तहानलेलं ठेवलं की घराला शाप लागतो. लांब चोचीची झारी घेतली आणि गेल्या वर्षीची पांढरी हळूहळू ओतली. ऐंशी लीटर! कमर धरली, पण म्हटलं, आत्याबाईंना बरं वाटेल.”

झेलीचं तोंड उघडलं आणि उघडंच राहिलं. इतका राग होता की बाहेर पडायला दारात रेटारेटी झाली असावी.

“शाप?” शेवटी ती म्हणाली. “शाप म्हणजे काय ते मला विचार! सहा वर्षं! सहा वर्षं मी त्याच्याजवळ मोठ्याने शिंकले नाही, आणि तू वरून झारी लावतेस? ते काय कुंडीतलं झाड आहे? तुझ्या बापाच्या घरी भरत असशील, तिकडे भरायलाच लागतं, तिकडची वाइन तान्ही असते, तिला सारखं पाजावं लागतं! ही आपल्या ज्युराच्या डोंगरातली आहे! हिला उपाशी ठेवायचं, एकटं ठेवायचं, आणि तिचं तोंड बघायचं नाही!”

आपोलीन पांढरी पडली. “खराब झाली?”

“मेली!”

आपोलीनने नवऱ्याकडे पाहिलं. तिबो बटाटा सोलत राहिला. फार लक्ष देऊन सोलत होता, सालाची एकच लांब पट्टी निघावी म्हणून.

“चूक होते, आत्या,” तो मऊ आवाजात म्हणाला. “ती नवीन आहे. माफ करून टाक. आणि घाबरण्यासारखं काही नाही. पलीकडच्या खोऱ्यात सेव्हरँकडे त्याच सालाची दोन पिंपं आहेत. मी एक आणतो, वर आपला शिक्का मारतो. रविवारी कुणाला कळणारही नाही.”

एका क्षणात दोन गोष्टी घडल्या. झेलीने भिंतीचा आधार घेतला, आणि आपोलीनने सॉसेज उचलायचा चिमटा टेबलावर आपटला.

“नवीन?” आपोलीन म्हणाली. “नऊ वर्षं झाली, तिबो.”

“म्हणजे तसं नाही गं...”

“आणि चूक माझी? शिडी कुणी धरली होती? ‘फोटोवाले येणारेत, पिंप रिकामं दिसलं तर लाज जाईल, तुला भरायला छान जमतं, भर,’ असं कोण म्हणालं होतं?”

झेलीने मान वळवली. सावकाश. वेशीचं जुनं लोखंडी फाटक वळतं तशी.

“तुला माहीत होतं,” ती तिबोला म्हणाली. “ही परगावची. तिने मायेने केलं. पण तू त्या माळ्याखाली जन्मलास. तुला माहीत होतं.”

“सायीचं एवढं मनावर घेशील असं वाटलं नाही, आत्या. थोडी मोडली तर पुन्हा धरेल म्हटलं.” आणि तो हसला.

त्या हसण्याने झेलीचा निर्णय झाला. ती पुन्हा माळ्यावर गेली, पिंपावर चढून बसली, आणि खिडकीतून ओरडली, “रविवारी हेच पिंप फुटणार! सेव्हरँचं पिंप या घरात आलं, तर त्यात मी बुडून मरेन, आणि मग बघा कशी चव येते ती!”

बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार ती पिंपावर बसून राहिली. तिथेच खाल्लं, तिथेच झोपली, तिथेच खोकली. तिबो दिवसातून तीनदा जिन्याच्या पायथ्याशी यायचा. “आत्या, घराची अब्रू जाईल.” वरून उत्तर यायचं, “गेली! आता तिचा पाठलाग करू नकोस.” गारठा इतका की बाहेरच्या नळाला दाढी आली होती, पण झेलीला शाल लागली नाही. खाली मांजरं माळ्याच्या तुळईला पाठ लावून शेकत बसायची.

शुक्रवारी आपोलीन सूप घेऊन वर आली. वाडगा ठेवला आणि हाताची घडी घालून उभी राहिली.

“मी तुमच्याशी बोलत नाहीये, आत्याबाई. एवढं सांगायला आले.”

“मग सूप कुणाला आणलंस?”

“पिंपाला.”

झेलीने सूप प्यायलं. मीठ कमी होतं, पण ती काही म्हणाली नाही. मग आपोलीनच म्हणाली, “नऊ वर्षांत मला एकदा कुणी सांगितलं का, की हे भरायचं नसतं? तुम्ही सगळे पिंपांशी बोलता. माणसांशी कधी बोलणार?”

“तू विचारलंस का?”

“विचारलं. पहिल्याच महिन्यात. तुम्ही म्हणालात, ‘परक्यांनी माळ्यावर येऊ नये.’ त्या दिवसापासून आले नाही. आले ती त्याने पाठवल्यावरच.”

 हे झेली म्हणाली होती. तिला साल, महिना, वार, सगळं आठवत होतं. लाज वाटली आणि लाजेचाही राग आला, म्हणून तिने वाडगा परत देताना आभार मानले नाहीत. पण आपोलीन खाली जाईना तेव्हा ती पिंपावर जरा बाजूला सरकली.

रविवारी सकाळी पिंप उतरवायला आठजण आले. झेली उठेना. शेवटी तिच्यासकट पिंपाला दोर बांधले आणि माळ्याच्या दारातून कप्पीने खाली सोडलं. राणीसारखी बसून ती हवेत तरंगत आली, आणि अर्ध्या वाटेवर खालच्यांना म्हणाली, “हळू रे, गाढवांनो! पिंप मेलंय, मी अजून जिवंत आहे.” गाडीवरही तशीच बसली. बँडवाल्यांना वाटलं हा यंदाचा नवा कार्यक्रम आहे, त्यांनी जोरात वाजवायला सुरुवात केली.

चौकात बर्फाचा चिखल झाला होता. हजारभर माणसं गळ्यात पेले अडकवून उभी होती. पिवळे झगे घातलेले मानकरी ओळीने उभे राहिले. सगळ्यांच्या हातात ती पुस्तिका होती. तिबो गाडीवर चढला, हसला, आणि त्याने ती गोड गोष्ट सांगितली. लढाई, घाई, विसरलेलं पिंप, सोनं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. झेली तेवढ्यापुरती पिंपावरून उतरून कडेला उभी राहिली होती, तिने टाळी वाजवली नाही.

लाकडी हातोड्याचा घाव बसला, तोटी लागली, पहिला पेला मेयरसाहेबांना. मेयरसाहेब तीस वर्षं निवडून येत होते. चेहरा न बदलण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. त्यांनी घोट घेतला. चेहरा बदलला नाही, पण मिशीचं डावं टोक आपोआप खाली पडलं.

“हलकी आहे,” ते म्हणाले. “फार हलकी.”

दुसरा पेला एका म्हाताऱ्या मानकऱ्याला गेला. तो निवडणुकीला उभा राहात नसे. त्याने चूळ भरून बर्फावर थुंकली. “मोसारे, हे काय पाजलंस? माझ्या सुनेचं कपडे भिजवायचं पाणी यापेक्षा चवदार असतं!”

लोक हसले. मग मोसारेंकडे बघू लागले. सव्वादोनशे वर्षांत मोसारेंच्या पिंपावर कुणी थुंकलं नव्हतं. झेलीला वाटलं, कुणीतरी आपल्या बरगड्या मोजतंय. हेच हवं होतं तिला, परक्या पिंपाच्या वाहवापेक्षा आपली फजिती बरी, आणि तरी लागलं.

तिबो अजून हसत होता. त्याने हात वर केले. “मंडळी, माफ करा. माळ्याचं सगळं आमची झेली आत्या बघते. आता तिचं वय झालं. एखादी गोष्ट... विसरते ती.”

चौकातला बँडही थांबला.

झेली ओरडली नाही. एकोणऐंशी वर्षांत पहिल्यांदाच असं झालं, आणि जे तिला ओळखत होते ते दोन पावलं मागे सरले.

“काय विसरले मी, तिबो?” तिने विचारलं. “सांग की. मोठ्याने सांग. सगळे ऐकतायत.”

“आत्या, घरी बोलू.”

“काय विसरल्या त्या?” हा आवाज खालून, गर्दीतून आला. आपोलीन होती. “सांग ना. ऐंशी लीटर विसरल्या, की शिडी धरायला विसरल्या?”

“आपोलीन, लोकांसमोर तमाशा नको.”

“सांग!” मागून कुणीतरी ओरडलं. व्हेर्मोंच्या लोकांना वाइन वाईट मिळाली होती, भांडण तरी चांगलं हवं होतं. “सांग, मोसारे!”

तिबोचे आधी कान लाल झाले. मग मान. मग त्याच्या चेहऱ्यावरचं हसू एका बाजूने सुटलं, ओल्या भिंतीवरचा कागद सुटावा तसं, आणि आत काय होतं ते दिसलं.

“पुरे!” तो गरजला. गावातल्या कुणी हा आवाज ऐकलेला नव्हता. खुद्द तिबोनेही नव्हता, तो दचकला. पण आता मागे फिरणं नव्हतं. “कोणी काही विसरलेलं नाही! समजलं? आमच्या घरात तीस वर्षांपूर्वी हरवलेला चमचाही कुणी विसरत नाही! पिंप मी भरायला लावलं! मी! अर्धवट रिकामं पिंप दाखवायची मला लाज वाटली! लहानपणापासून लाज वाटते मला या घराची, इथे कुणी कुणाशी धड बोलत नाही, आणि लोक त्याची वाइन करून पितात! म्हणून मी सारखा हसतो! एकाने तरी हसायला नको का?”

त्याने दम घेतला. झेलीने बघितलं, त्याने हातोडा उगारल्यासारखा धरला होता. पहिल्यांदाच तिला तो आपल्या भावासारखा दिसला, आणि ती आणखी चिडली, कारण तिला त्याची कीव येऊ लागली होती.

“आणि तेओद्यूल?” तिने विचारलं.

“तेओद्यूल कुठल्या लढाईवर गेला!” तिबो ओरडला. “घंटावाल्याच्या बायकोमागे गेला! पिंप क्लोदीनने मुद्दाम भरलं नाही! रागाने! त्या बाईने रागाने वाइन केली, आणि नाव कुणाचं? त्या पळपुट्याचं! आणि बावन्न वर्षं माळा या बाईने सांभाळला, आणि मी छापलं काय? केक!” त्याने शेजारच्या मानकऱ्याच्या हातातली पुस्तिका हिसकावली आणि तोटीखाली धरली. सोनेरी अक्षरं बेचव वाइनमध्ये विरघळत गेली.

 गर्दी गाडीच्या आणखी जवळ सरकली.

तिबोचा श्वास संपला. तो गाडीच्या कडेवर बसणार होता.

“बसतोस कुठे?” झेली म्हणाली. “पुढे? दोघा भावांचं राहिलं. व्हिनेगरचं राहिलं. अक्रोडाच्या झाडांचं राहिलं, तुझ्या बापाचं आहे ते, मला मध्ये तोडू नकोस.”

त्याने ते सांगितलं. चुकला तिथे तिने दरडावून दुरुस्त केलं, तो खेकसून म्हणाला “माहितीये मला!”, आणि लोकांनी रिकामे पेले धरून सगळं ऐकलं. मेयरसाहेबांची सभा कधी इतकी टिकली नव्हती. चर्चच्या घड्याळात बाराचे टोले पडले, कुणी जेवायला गेलं नाही.

झेलीच्या आजारपणापर्यंत इतिहास आला आणि तिबो थांबला. घसा बसला होता. तेव्हा आपोलीन चाकावर पाय ठेवून गाडीवर चढली. तिने नवऱ्याच्या हातातून हातोडा काढून घेतला, पिंपावर एकदा आपटला. डोळे कोरडे होते तिचे, आणि गाल पेटलेले.

“आता नऊ वर्षं राहिली,” ती गर्दीला म्हणाली. “ती मी सांगते.”

झेली पिंपाला टेकली. “मोठ्याने बोल गं,” ती म्हणाली. “मागच्यांना ऐकू येत नाही.”